बिनकुलपाच्या गावात बीडलॉक

शनिवारी सकाळी मी नानांच्या पडवीत चार चाकं आणि चार टायर उतरवले, तेव्हा नाना टपरीवर निघाले होते. देवस्थानाच्या रस्त्याला त्यांची छोटी टपरी आहे. तेलाच्या बाटल्या, रुईच्या पानांच्या माळा, काळं कापड, घोड्याची नाल. शनिवार म्हणजे त्यांचा मोठा धंद्याचा दिवस. तरीही ते थांबले.

"आज लोखंड आणलंस घरात?"

"नाना, ॲल्युमिनियम आहे."

त्यांनी वाकून पिशवीत हात घातला आणि मूठभर बोल्ट बाहेर काढले. "आणि हे?"

मी गप्प बसलो. शनिवारी तेल आणि लोखंड विकत घेऊ नये असं सगळा महाराष्ट्र म्हणतो आणि आमच्या शिंगणापूरचं पोट शनिवारी तेल विकूनच भरतं, हे मला बोलता आलं असतं. पण त्या चाकांमागचं कारण आम्हा दोघांनाही माहीत होतं, म्हणून वाद वाढवला नाही.

कारण मागच्या ऑगस्टमधलं. आमची वस्ती गावापासून लांब, सोनईच्या अंगाला. डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटरची पाणंद आहे. मुळा उजव्या कालव्याच्या पाण्यावर पिकणारी काळी जमीन. उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती चपलेला धरून ठेवते. त्या रात्री दादाच्या बायकोला कळा सुरू झाल्या. दोन दिवस पाऊस लागून होता. रुग्णवाहिका डांबरीवरच थांबणार होती. मी सुट्टीला आलेलो आणि अंगणात माझी जुनी, दुसऱ्या हाताची थार उभी होती. "काळजी करू नका, फोर बाय फोर आहे," असं मी म्हणालो होतो. हे वाक्य अजून माझ्या कानात आहे.

व्हिडिओंमध्ये पाहिलं होतं तसं मी टायरमधली हवा कमी केली. हवा कमी झाली की टायर चपटा होतो, जमिनीवर टेकणारा भाग वाढतो आणि गाडी कमी रुतते. मी १० पीएसआयपर्यंत उतरलो. कालव्याजवळच्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं, पुढचं डावं चाक चाकोरीच्या कडेला अडलं आणि 'फस्स' असा आवाज आला. टायर रिमवरून सुटला होता. मागे वहिनी काकूंचा हात धरून बसली होती. शेवटी शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत गवताच्या पेंढ्या टाकून, वर ताडपत्री धरून वहिनीला डांबरीपर्यंत नेलं. पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. दादा मला एक शब्दही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मी मेकॅनिकलची पदवी घेतली आणि आमच्या वर्गातल्या बहुतेकांसारखा सॉफ्टवेअरमध्ये गेलो. चूक सापडली की ती दुरुस्त करून पुढची आवृत्ती काढायची, ही आमची सवय. टायर सुटला ना, मग टायर सुटणार नाही असं चाक आणू. पुण्याला परतल्यावर सहा महिने मी हेच वाचत होतो.

साध्या चाकात टायरला रिमवर धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे आतली हवा. टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तारांचं कडं असतं, त्याला बीड म्हणतात. हवेचा दाब ते बीड रिमच्या काठावर दाबून ठेवतो. बोल्ट नाही, डिंक नाही, फक्त दाब. दाब उतरला आणि बाजूने जोर आला की बीड जागा सोडतं. बीडलॉकमध्ये बाहेरच्या बाजूचं बीड रिम आणि एक वेगळी रिंग यांच्यामध्ये धरतात आणि ती रिंग बोल्टनी आवळतात. मग हवा अगदी कमी केली तरी टायर हलत नाही. कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपना दोन भागांत सुटणारी, बोल्टनी जोडलेली 'कॉम्बॅट' चाकं असत, म्हणजे टायर फुटला तरी गाडी चालवत नेता यावी. आमचा नगर जिल्हा तर लष्करी गाड्यांचाच. रणगाड्यांचं प्रशिक्षण नगरला आणि लष्करी वाहनांची संशोधन संस्था, व्हीआरडीई, तीही तिथेच.

नाना दुपारी जेवायला आले आणि परत टपरीवर गेलेच नाहीत. पोराला टपरीवर बसवून माझ्यासमोर पाट घेऊन बसले. आतली कड साबणाच्या पाण्याने रिमवर सरकवायची, चाक आडवं ठेवायचं, बाहेरचं बीड खाचेत बसवायचं, वर रिंग. एका चाकाला २४ बोल्ट, चार चाकांचे ९६. ते एका ओळीत आवळले तर रिंग वाकडी होते, म्हणून समोरासमोरचे घ्यायचे आणि तीन फेऱ्यांत थोडे थोडे कसायचे. म्हणजे २८८ वेळा टॉर्क पाना. शेवटचा जोर फक्त २० न्यूटन-मीटर. चाकाचे मोठे नट शंभरच्या वर कसतात, त्या मानाने हे हळुवार काम. चार वर्षं मी परीक्षेत टॉर्कची गणितं सोडवली, पण टॉर्क पाना हातात धरला तो अठ्ठाविसाव्या वर्षी. नाना बोल्ट मोजत होते. तीन वेळा त्यांनी माझा राहिलेला बोल्ट दाखवला.

"हे एकदा कसलं की झालं?"

"नाही. थोडं चालवून परत कसायचे. मग अधूनमधून बघत राहायचं."

"मग हे कुलूप कसलं? ही तर राखण झाली."

संध्याकाळी गाडी नव्या चाकांवर उभी राहिली. २३५/७० आर१६ जाऊन २४५/७५ आर१६, खोल नक्षीचे चिखलाचे टायर. व्यास ७३५ मिलिमीटरवरून ७७४ वर गेला, म्हणजे काटा १०० दाखवील तेव्हा खरा वेग १०५. ही चाकं घेऊन पुण्याला जाणार नव्हतोच. नोंदणीपत्रातल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून स्पष्ट केलेलं आहे. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीपुढे काय सांगणार? म्हणून बेत असा, की रविवारी जुनी चाकं चढवून जायचं आणि ही पडवीत ठेवायची, पावसाळ्यासाठी.

आमच्या पडवीला दार नाही. घरालाच नाही. चौकट आहे, पडदा आहे, रात्री कुत्री येऊ नयेत म्हणून टेकवायला एक फळी आहे. बाहेरच्या लोकांना हे नवल वाटतं. २०११मध्ये इथे युको बँकेची बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा देशभर बातमी झाली. २०१५मध्ये पोलीस ठाणंही आलं. लहानपणी मला वाटायचं की आमच्या गावात विश्वास आहे म्हणून दारं नाहीत. बोल्ट कसताना वाटलं, कदाचित दाब आहे म्हणून नाहीत. शनिदेवाचा धाक, शेजारच्या ओट्यावरची म्हातारी, येणारा-जाणारा प्रत्येक डोळा. दाब पुरेसा असेल तोवर कड जागा सोडत नाही.

रविवारी पहाटे उठलो तर नाना पडवीत जागेच बसलेले.

"झोपला नाहीत?"

"किंमत किती म्हणालास या चाकांची?"

मी सांगितली. टायर धरून दीड लाखाच्या आसपास.

ते बराच वेळ चौकटीकडं बघत राहिले. "पडवीला शटर करून घ्यावं का रे?"

त्रेसष्ट वर्षांत या माणसाने घराला कडी लावलेली नाही. घरात सोनं होतं, आत्याच्या लग्नाचे पैसे होते, तेव्हाही नाही. माझ्या चाकांनी एका रात्रीत त्यांच्या मनात शटर आणलं.

चहा घेऊन आम्ही पाणंदीवर गेलो. आदल्या रात्री वळवाची मोठी सर झालेली. मी १० पीएसआयवर गाडी घातली. कालव्याजवळच्या वळणावर टायर सुटला नाही. गाडी मात्र रुतली. काळ्या मातीने टायरची खोल नक्षी पूर्ण भरून टाकली आणि दीड लाखाची चाकं गुळगुळीत मडक्यांसारखी जागच्या जागी फिरू लागली. वाळूत हवा कमी करण्याचा जो फायदा होतो, तो चिकणमातीत होईलच असं नाही, हे मी वाचलं होतं. मला ते पटवून घ्यायचं नव्हतं.

दादा ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी अडकवताना तो पहिल्यांदाच त्या रात्रीबद्दल बोलला. "तू गाडी काढलीस, ते बरं केलंस. कुणीतरी काढायलाच हवी होती." मग चिखलाकडं बघून म्हणाला, "पण एवढ्या पैशात इथं मुरूम किती पडला असता."

ती चाकं मी सह्याद्रीत गाड्या घेऊन हिंडणाऱ्या एका ओळखीच्याला विकली, तोटा सोसून. दगडधोंड्यांत ती त्याला उपयोगी पडतात म्हणे. आलेल्या पैशात वस्तीवरच्या पाच घरांनी आपली भर घातली आणि जूनच्या आधी वळणापासून डांबरीपर्यंत मुरूम पडला. वळणाच्या अलीकडचा तुकडा अजून बाकी आहे. यंदा पावसात दादा पुतणीला डोसासाठी मोटारसायकलवर घेऊन गेला. तो तुकडा त्याने गाडी ढकलत पार केला, वहिनी मुलीला कडेवर घेऊन मागून चालत होती.

पडवीला शटर झालं नाही. चाकं होती तिथे नाना आता तेलाचे डबे ठेवतात आणि आत जाऊन झोपतात.