घराची डागडुजी आणि वडीलधारीं माणसें

'घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. तींत आणखी एक पद घालावयास हरकत नाहीं: पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांस सोबत घेऊन घराची डागडुजीही एकदां करून पाहावी. घरीं आलेल्या वृद्ध मातापितरांस खाटेवर स्वस्थ बसवून ठेवणें हीच त्यांची सेवा, असें पुष्कळांस वाटतें. परंतु ज्यांचें सारें आयुष्य कष्टांत गेलें, त्यांस रिकामें बसविणें ही एक प्रकारें शिक्षाच होय.

माझे आईवडील वडीलबंधूंकडे सोलापुरास राहतात व उन्हाळ्याच्या सुट्टींत किल्लारीस माझ्याकडे येतात. माझें घर भूकंपानंतर वसविलेल्या नव्या गांवांत आहे. दिनांक 30 सप्टेंबर 1993 रोजीं पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनीं झालेल्या त्या भूकंपांत आमचें जुनें घर पडलें, व आजी त्याखालीं सांपडून वारली. मी तेव्हां दहा वर्षांचा होतों. पुढें नव्या घराच्या मागें वडिलांनीं धान्यासाठीं एक लहान खोली बांधली. दगड जुन्या घराचे, आणि जोड मातीची. यंदां त्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीस फुगवटा आलेला दिसला.

येऊन दोन दिवस झाले नाहींत तोंच वडिलांनीं ओळंबा मागितला. भिंतीचा मधला भाग चांगला चार बोटें पुढें आला होता. "खोली उतरवून पुन्हां बांधूं, आणि हे पत्रे टाकून वर माळवद घालूं. धान्य थंड राहील," असा त्यांचा निर्णय झाला. पहिली गोष्ट मला मान्य होती; दुसरी नव्हती. येथूनच आमच्या वादास आरंभ झाला.

ज्या मुलांनीं जुनें घर पाहिलें नाहीं, त्यांच्यासाठीं येथें थोडें सांगितलें पाहिजे. लांकडी तुळयांवर मातीचा जाड थर घालून केलेलें सपाट छप्पर म्हणजे माळवद. असें घर उन्हाळ्यांत थंड व हिवाळ्यांत उबदार राहतें. आपल्या पूर्वजांनीं तें उगीच पसंत केलें नव्हतें. परंतु पाऊस गळूं नये म्हणून त्यावर वरचेवर नवी माती घालीत, आणि पिढ्यानुपिढ्या थर वाढत जाई. खालच्या भिंती दोन-तीन फूट रुंद असत, तरी त्या एकजीव नसत. बाहेरच्या बाजूस दगडांची एक रांग, आंतल्या बाजूस दुसरी, आणि मधें लहान दगड व माती. दोहोंस बांधून ठेवणारें असें कांहींच नसे. जमीन हालली तशा दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या, भिंती फुटल्या, व वरचा सारा भार निजलेल्या माणसांवर आला. त्या भूकंपाची तीव्रता सुमारें 6.2 इतकी होती. याहून मोठे धक्के जपानांत अनेकदां बसले आहेत आणि तेथील घरें उभीं राहिलीं आहेत. प्राणहानि केवळ धरणीच्या हालण्यानें झाली नाहीं. ती घरांच्या रचनेनें झाली.

मीं हें सर्व सांगितलें तेव्हां वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "आपल्या ओसरीचे खांब त्या दिवशीं सकाळीं उभे होते, आणि त्यांवरचें माळवदही तसेंच होतें. तुझ्या आजीला माळवदानें नाहीं मारलें, भिंतीनें मारलें." त्यांचें म्हणणें खरें होतें. अनेक घरांत खांब व तुळया जागच्या जागीं राहिल्या, आणि भिंती मात्र कोसळल्या. "पण भार नसता तर भिंत इतकी फुटली नसती," मीं म्हटलें. हेंही खरेंच होतें. शेवटीं तांदूळ निवडतां निवडतां आई म्हणाली, "दोघांचेंही खरें आहे, तर भिंत नीट बांधा आणि वर भार घालूं नका." वाद मिटला.

गवंडी लावून आम्हीं खोली उतरविली. दगडी भिंतींसंबंधीं 13828 क्रमांकाचें भारतीय मानक 1993 या वर्षाचेंच आहे. त्यांतील एक नियम मीं वडिलांस वाचून दाखविला: उंचीच्या दर दोन फुटांस, व लांबींत चार फुटांहून अधिक अंतर न ठेवतां, भिंतीच्या आरपार जाईल असा एक लांब दगड बसवावा. वडील म्हणाले, "तुझे आजोबा कोपऱ्यांत असे दगड घालीत. मधें घालीत नसत." लागलीच ते ढिगाकडे गेले आणि लांब दगड निवडून वेगळे ठेवूं लागले. मला सारे दगड सारखेच दिसत. ते म्हणत, "दगडाचें तोंड पाहूं नकोस, बैठक पाहा." जेथें लांब दगड पुरले नाहींत, तेथें दोन्ही टोकें वळविलेला लोखंडी गज घालून सिमेंटचा जोड आरपार भरला. भिंती दीड फूट रुंद ठेविल्या, व दाराच्या माथ्यावरून चारही भिंतींस गज घातलेला सिमेंटचा सलग पट्टा दिला.

ढिगांत एक काळवंडलेला दगड निघाला. तो आजीच्या दिवळीचा होता. वडील तो हातांत धरून थोडा वेळ उभे राहिले. नंतर त्यांनीं तो गवंड्यास दिला आणि आंतल्या बाजूस, हात पोंचेल इतक्या उंचीवर बसविण्यास सांगितलें.

छपरास पत्रेच राहिले. मात्र उष्णता अडावी म्हणून खालून तुराट्यांचा ताटवा बांधण्याची युक्ति वडिलांची. तो हलका, आणि त्यायोगें खोलीही निवते. आईनें जातें व पाटा फळीवर ठेवूं दिला नाहीं. "जड तें खालीं, हलकें तें वर," हा तिचा नियम कोणत्याही ग्रंथांत शोभावा असा आहे.

जूनमध्यें दोघेंही सोलापुरास परतलीं. आतां वडिलांचा दूरध्वनि येतो, तेव्हां ते प्रथम भिंतीची खुशाली विचारतात व नंतर माझी.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुट्टींत आपल्या आजोबांबरोबर घराभोंवतीं एक फेरी घाला. भिंतीस कोठें फुगवटा आहे काय, कोपऱ्यांत भेग गेली आहे काय, आरपार दगड आहेत काय, हें त्यांस विचारा. तुम्हांस पुस्तकांतलें ठाऊक असेल, त्यांस हातांतलें ठाऊक आहे. आणि पालकहो, वृद्ध आईवडील घरीं आले तर त्यांस खाट अवश्य द्या. परंतु ओळंबाही द्या. दोन पिढ्या शेजारीं शेजारीं राहिल्यानें घर मजबूत होत नाहीं. एकीचें ज्ञान दुसरीच्या आरपार जावें लागतें.