दाढीच्या ब्रशाचे पूर्वचरित्र

वाडीतल्या एका तरुणाला बॅजरच्या केसांचा महागडा ब्रश घ्यायचा होता. त्याच्या पणजोबांची दाढी नाभिकाच्या ओल्या बोटांनीच भिजत असे; धोकटीत वस्तरा आणि वाटी असली की पुरे.

पहिल्या महायुद्धापूर्वी बॅजरचे केस रशियातून येत आणि जर्मनीत निर्जंतुक होत. युद्धाने ती वाट तुटली. मग घोड्याचे केस बॅजरसारखे रंगवून खपवले जाऊ लागले. अशा काही केसांत अँथ्रॅक्सचे बीजाणू होते. वस्तऱ्याची बारीकशी चीर आणि वर त्या ब्रशाचा फेस, एवढ्याने घात होई. ब्रिटन-अमेरिकेत दोनशेहून अधिक सैनिक व नागरिकांना लागण झाली. १९२० मध्ये ब्रिटनने जपानी ब्रशांची आयातच रोखली. ऐटीसाठी नव्हे, नित्याच्या स्वच्छतेसाठी घेतलेली वस्तू जिवावर उठावी, हे विलक्षणच.

आज बॅजरचे केस मुख्यतः चीनमधून येतात. ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सिल्व्हरटिप’ या प्रती मात्र प्रत्येक कारखानदार आपापल्या मापाने ठरवतो आणि साध्या केसांची टोके ब्लीच करून तीही कधी ‘सिल्व्हरटिप’ म्हणून पुढे केली जातात.

तरुणाने दुकानदाराला किंमत नंतर विचारली. आधी विचारले, टोके मुळची पांढरी आहेत की केलेली?