सड्यावरची चौकट

चि. सायली हिस,


तुझी ऑर्डर आली आणि नववी-दहावीचं विज्ञान तुझ्याकडे आलं, हे ताईने कळवलं. फार आनंद झाला. शाळेचं ठिकाण ऐकून तर जास्तच. शाळेमागची घाटी चढलं की कातळसडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, लागतो, अशी शाळा रत्नागिरी जिल्ह्यात मिळणं हे तुझं भाग्य आहे, सायली. परवा फोनवर तू विचारलंस, "माणसाचा जैवविविधतेवर काय परिणाम होतो, हे मुलांना नुसतं सांगून पोचत नाही. काय करू?" तेव्हा घाईत बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रकल्पवह्यांपासून सुरुवात करते. दुकानात तयार चित्रांचे तक्ते मिळतात. मुलं वाघ, गिधाड आणि बर्फावरचं अस्वल कापून चिकटवतात, खाली सुवाच्य अक्षरात कारणं आणि उपाय लिहितात. आपणही टापटीप बघून गुण देतो. वाघाबद्दल वाचू नये असं माझं म्हणणं नाही. पण रोज सड्यावरून चालत शाळेत येणाऱ्या मुलीच्या वहीत त्या सड्यावरचं एकही रोप नसेल, तर ती वही तिची नाही. नाश म्हणजे दूर कुठेतरी, कुणीतरी दुसऱ्याने केलेला, असंच तिच्या मनात राहतं.

म्हणून मुलांना मोजायला लाव. प्लंबिंगच्या पाइपाचे चार तुकडे आणि चार एल्बो घेतले की एक मीटरची चौकट तयार होते. अशा चार-पाच चौकटी कर आणि दोन जागा निवड: एक मोकळा सडा, दुसरी त्याला लागून असलेली, सुरुंग लावून, माती भरून तयार केलेली कलमांची बाग. दोन्हीकडे सारख्याच चौकटी, एकाच दिवशी, सारखाच वेळ. चौकटीच्या आत काय काय उगवलंय, किती आहे, काय फिरतंय, एवढंच लिहायचं. नावं येत नाहीत म्हणून अडून बसू नका. पहिल्या वेळी 'अ', 'ब', 'क' म्हणा, शेजारी चित्र काढा. दुसऱ्या दिवशी मुलं घरून आजीकडून नाव घेऊन येतात. मग श्रीकांत इंगळहळीकरांचं फुलांचं पुस्तक उघडायचं.

श्रावण-भाद्रपदात सड्यावर गेंदाची पांढरी बोंडं आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं इतकी दाट असतात की पाय कुठे ठेवावा कळत नाही. मुलांना तिथे गुडघ्यावर बसव आणि हातात भिंग दे. आमच्या वर्गातल्या चार मुलींना त्यांच्या चौकटीत दवबिंदू सापडला होता. नखाएवढं लालसर रोप, पानांवर चिकट थेंबांचे केस आणि त्यात अडकलेलं चिलट, पाय अजून हलत होते. मुली कितीतरी वेळ तिथून उठल्या नाहीत. झाड किडे का खातं? कारण कातळावर माती बोटभर आणि त्यात नत्र अगदी थोडं, म्हणून ते किड्यांकडून मिळवायचं. सीतेची आसवंही तेच करतात, फक्त त्यांचे सापळे खाली ओल्या मातीत असतात. मग त्यातल्या एकीने विचारलं, "बाई, मग बागेत हे कशाला येईल? तिथे तर खत घालतात." माणसाचा परिणाम हा सगळा धडा तिच्या त्या प्रश्नात आला. मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

आता दगडांबद्दल. हा भाग काळजीपूर्वक वाच, कारण यात धोका आहे. सड्यावर सुटे दगड पडलेले असतात आणि त्यांच्याखाली एक वेगळीच वस्ती असते: मुंग्या, कोळी, विंचू, बेडूक, पाली. त्यातली एक पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल कोकणाबाहेर कुठे सापडत नाही. याच जिल्ह्यातल्या दोर्ले गावातून ती १९६३ साली शास्त्राला पहिल्यांदा माहीत झाली. बाग करताना हेच दगड उचलून गडग्याला लावले जातात आणि त्यांच्याखालचा आसरा संपतो. तेव्हा मोकळ्या सड्यावर ठरावीक दगड आणि बागेत सापडतील तितके दगड उलटून खाली काय आहे ते लिहिणं, हा फार चांगला प्रकल्प आहे. पण आपल्या भागात फुरसं भरपूर. त्यामुळे दगड मुलांनी उलटायचा नाही, तू किंवा जाणत्या माणसाने उलटायचा. हात न घालता, लोखंडी आकडीने, आणि पलीकडची कड आपल्याकडे उचलून, म्हणजे दगड आपल्या आणि जनावराच्या मध्ये राहतो. पायात बूट हवेत, मुलं चार पावलं मागे हवीत. बघून झालं की दगड होता तसाच, त्याच खळग्यात परत ठेवायचा. कसलंही जनावर बाटलीत भरून शाळेत आणायचं नाही. फोटो आणि चित्र पुरे. दगड जागच्या जागी ठेवायची सवय मुलांना लागली, तर तेवढ्यासाठीही हा खटाटोप करावा असं मला वाटतं.

तुझ्या वर्गात चिरेखाणीवर पोट असलेल्या घरांतली मुलं असतीलच. माझ्याही होती. एकदा वर्गात चर्चा चालली होती, "खाणींमुळे सडा संपला," सगळे तावातावाने बोलत होते आणि एक मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याचे वडील खाणीवर ट्रक भरायचे. मी मुलांना वर्गाच्या भिंतीला हात लावायला सांगितला. भिंत चिऱ्याचीच होती. पुढच्या आठवड्यात त्याच्या वडिलांना शाळेत बोलावलं. कातळ वर किती कठीण, खाली कुठे मऊ लागतो, चिरा कसा कापतात, बंद पडलेल्या खाणीत पाणी किती महिने टिकतं, हे सगळं त्यांनी इतकं बारकाईने सांगितलं की वही भरली. मग आम्ही बंद खाणीचा काठही मोजायला घेतला. तिथे बेडूक सड्यापेक्षा जास्त निघाले, कारण सड्यावरची डबकी आटली तरी खाणीत पाणी राहतं. पण गेंद नाही, दवबिंदू नाही, सीतेची आसवं नाहीत. दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. एक लिहायची आणि दुसरी गाळायची, असं चालणार नाही. मोजायच्या आधी निष्कर्ष फळ्यावर लिहू नकोस, सायली. मुलांना उत्तर आधीच कळलं की ती आकडे त्या उत्तराकडे ढकलतात, आणि त्या बिचाऱ्या मुलाला आपलं घरच गुन्हेगार वाटायला लागतं. त्यापेक्षा त्याला विचार की खाण कुठे करावी आणि कुठला सडा सोडावा. त्याच्याइतका त्यातला जाणकार वर्गात दुसरा कुणी नसेल.

जून-जुलैत शाळेकडे रोपं येतील. वृक्षारोपणाचा फोटो लागतो आणि मोकळी जागा म्हणून सगळ्यांची नजर सड्याकडे वळते. तिथे झाडं लावू देऊ नकोस. सातबाऱ्यावर तो पोटखराब असेल, उन्हाळ्यात करपलेला दिसतही असेल, पण तो उजाड झालेलं जंगल नाही. तो हजारो वर्षं उघडा राहिलेला कातळ आहे आणि त्याच्यावरचं जगणं त्या उघडेपणावरच चालतं. खड्डे फोडून, माती भरून बाहेरची बाभूळ लावणं म्हणजे चांगल्या हेतूने केलेला नाशच. हे मुख्याध्यापकांना नम्रपणे पण स्पष्ट सांग. रोपं शाळेच्या आवारात, पऱ्ह्याच्या काठाला, गावातल्या उघड्या बोडक्या रस्त्याला लावा. तिथे जागा पुष्कळ आहे.

वहीचं पुढे काय करायचं, हेही आत्ताच ठरव. वर्षअखेरीला गुण देऊन ती रद्दीत गेली तर सगळं फुकट. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. गावाची संपत्ती गावाने स्वतः नोंदवावी, हा विचार माधव गाडगीळांनी वर्षानुवर्षं लावून धरला. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली आणि मग बऱ्याच गावांत ही वही घाईघाईत भरली गेली. ग्रामपंचायतीकडून तुमच्या गावाची वही मागून घे आणि वर्गात वाच. त्यात तुमचा सडा आहे का, ते मुलांनाच शोधू दे. नसेल तर मुलांनी आपल्या नोंदींची प्रत ग्रामसभेत नेऊन द्यावी. नववीच्या पोरांनी सरपंचांसमोर उभं राहून आपले आकडे वाचून दाखवले की गाव ऐकतं. मी ते ऐकणं पाहिलं आहे.

कुणी म्हणेल, शाळकरी पोरांच्या नोंदींना काय किंमत? त्यांना आंबोलीचं सांग. हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडातला मासा कितीतरी लोकांनी येता-जाता पाहिला होता. तो नवी जात आहे हे २०२० साली कळलं आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. आपल्या सड्यांवरही अजून नीट न बघितलेलं पुष्कळ आहे.

सगळं एका वर्षात करू नकोस. पहिल्या वर्षी फक्त चौकटी. पण त्याच चौकटी, त्याच जागी, पुढच्या वर्षीच्या नववीनेही मोजल्या पाहिजेत, आणि त्याच्या पुढच्याही. एका वर्षाचा आकडा काही सांगत नाही. पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की बाग कुठवर सरकली, वणवा कुठून गेला, काय गेलं आणि काय नवं आलं, हे दिसायला लागतं. म्हणून वही विद्यार्थ्यांच्या नावावर नको, शाळेच्या नावावर ठेव आणि तुझी बदली झाली तर येणाऱ्या शिक्षकाच्या हातात स्वतः दे.

चौकटींच्या चार कोपऱ्यांना कातळावर ऑइलपेंटचे ठिपके मारावे लागतील. बागवाल्यांची परवानगी आधी घे आणि हे काम मे महिन्यातच उरकून टाक. एकदा पाऊस लागला की ओल्या कातळावर रंग धरत नाही.

तुझी,
मावशी