मांजराची उडी

कोकणातील आमच्या जुन्या घरात दुधातुपाची भांडी माजघराच्या तुळईला टांगलेल्या शिंक्यात ठेवलेली असत, आणि त्या शिंक्याखाली भिंतीला पाठ लावून घरचे मांजर जी नजर वर खिळवून बसे, ती नजर न्याहाळण्यात माझ्या बालपणीच्या कितीतरी दुपारी गेल्या आहेत. मागचे पाय पोटाखाली घेऊन आणि शेपटीचे टोक किंचित हलवून ते प्रथम अंतराचा अदमास घेई. मग क्षणार्धात कोनाड्यात, कोनाड्यातून फडताळावर आणि तेथून थेट शिंक्यावर त्याचा प्रवास होई. ‘शिंके तुटले, बोक्याचे फावले’ ही म्हण ज्याने केली त्याने मांजराला फार थोडे श्रेय दिले, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

पुढे महाविद्यालयात असताना एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८९४ साली प्रसिद्ध केलेली छायाचित्रमालिका एका ग्रंथात पाहावयास मिळाली. पाय वर धरून सोडून दिलेले मांजर कशाचाही आधार न घेता, आधी पुढचे आणि मागाहून मागचे धड वळवून, अधांतरीच पालथे होते व पायांवर उतरते, हे त्या चित्रांत टप्प्याटप्प्याने दिसत होते. उडी घेणे काय किंवा पडता पडता सावरणे काय, ही सर्व कण्याची आणि स्नायूंची किमया आहे, अशी माझी धारणा त्या चित्रांनी दृढ केली. या किमयेत आणखी काय काय असते, ते दाखविण्याचे काम पुष्कळ वर्षांनी आमच्या चिंगी या मांजरीने केले.

थंडीच्या दिवसांत मोटारीच्या इंजिनाजवळची ऊब मांजरांना फार प्रिय असते. चिंगी तशीच आत शिरून निजली असता सकाळी गाडी सुरू झाली आणि तिच्या उजव्या मागच्या पायाचा घोट्यापासून वर चेंदामेंदा झाला. हाडांचा चुरा झाला होता, कातडी सोलवटून गेली होती आणि पंजा थंडगार पडला होता. पाय राखण्याची आशा नाही हे जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा निदान गुडघ्यापर्यंतचा भाग तरी वाचवावा अशी मी त्यांना विनंती केली. ती शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, “असा अर्धा पाय ठेवला, तर ती तो टेकायला बघेल; प्रत्येक वेळी जमिनीवर आपटून त्याला जखमा होतील, आणि तुम्हाला तिला पुन्हा इथेच आणावं लागेल.” म्हणून मांडीच्या हाडाच्या मध्यावर छेद घेऊन, उरलेल्या टोकावर स्नायूंची गादी करून वर कातडी शिवावयाची, असे ठरले. मांजराच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे ती उभी लवकर राहील, चालेलही; परंतु उडीचा सारा जोर मागच्या पायांचा असतो, हेही त्यांनी लपवून ठेवले नाही. संमतिपत्रावर सही करताना माझ्या मनात राहिले ते हे शेवटचे वाक्य.

टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, उडीला सक्त मनाई होती. एक खोली रिकामी करून तेथील खुर्च्या आणि ट्रंका आम्ही बाहेर काढल्या. चकचकीत लाद्यांवरून एकुलता मागचा पाय घसरत असल्यामुळे भिंतीपासून भिंतीपर्यंत गोणपाट व सतरंज्या अंथरल्या. आणि वाळूचे कण जखमेत जाऊ नयेत म्हणून विधीसाठी बुटक्या काठाच्या पसरट भांड्यात वर्तमानपत्राच्या पट्ट्या घातल्या. जखम चाटू नये म्हणून गळ्याभोवती नरसाळ्याच्या आकाराची गळपट्टी होती, आणि ती तेवढी तिला अखेरपर्यंत मान्य झाली नाही. एका शेजारणीने कळवळून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देण्याचे सुचविले. तिच्या हेतूविषयी मला शंका नाही, परंतु हे औषध पचवून निरुपद्रवी करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते आणि एवढ्याशा मात्रेनेही ते दगावू शकते, ही गोष्ट मांजर पाळणाऱ्या प्रत्येक घरात ठाऊक असावी असे मला कळकळीने वाटते.

गळपट्टी निघाली त्या दिवशीचे एक दृश्य मी विसरू शकत नाही. चिंगीने डोके उजवीकडे कलते केले, डोळे अर्धवट मिटले, आणि तिच्या उजव्या मांडीचे उरलेले टोक कातडीखाली भराभर हलू लागले; नसलेल्या पायाने ती कान खाजवीत होती. कानाला काही लागत नव्हते आणि तरीही ते टोक हलतच होते. मी हात पुढे करून तिच्या कानामागे बोटे फिरवली, तशी ती हालचाल थांबली. तेव्हापासून उजवा कान हे माझे काम आहे. ते करावयाचे झाले की ती माझ्यासमोर येऊन बसते व डोके उजवीकडे झुकविते, आणि हातातील कागद मी बाजूला ठेवतो.

उडी परत आली ती मात्र निराळ्या रूपाने. डावा पाय हळूहळू बाजू सोडून पोटाच्या मध्यरेषेखाली टेकू लागला. खिडकीकडे पाहत ती पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वेळ बसे. खुर्ची, मग ट्रंक, मग पुन्हा खिडकी, असा तिच्या नजरेचा हिशेब चाले. झेप आखूड पडे, परंतु पुढचे पंजे चौकटीवर पोहोचले की नखे रोवून, खांद्यांच्या बळावर ती सारे धड वर ओढून घेई. उतरताना भिंतीच्या कडेने पुढचे पाय होता होईल तो खाली सोडून उरलेली उंची ती कमी करी आणि मगच अंग टाकी. एकदा तिची ती खटपट न पाहवून मी तिला उचलून खिडकीत ठेवले, तर ती तत्काळ खाली उतरली आणि पुन्हा खुर्चीपासून आरंभ केला. शिंक्याखाली बसलेल्या मांजराच्या नजरेचा अर्थ मला तेव्हा पुरता उमगला: झेप दिसण्यापूर्वीच उडीचा मोठा भाग होऊन गेलेला असतो, आणि तो भाग चिंगीच्या ठायी अबाधित होता.

आता चिंगीचे वय झाले आहे. अपघातापासून जादा भार वाहत आलेला डावा खुबा थंडीत आखडतो. वजन वाढू नये म्हणून तिचे खाणे मोजूनमापून द्यावे लागते, आणि ती नित्य वर चढते त्या ट्रंकेपाशी काथ्या गुंडाळलेली एक उतरती फळी लावली आहे. पलंगावर चढताना तिचे नख गादीतून सुटते असे गेल्या महिन्यात आढळल्यावरून, पलंग सहा इंचांनी खाली आणण्याचे काम मी सुताराकडे सोपविले आहे. तो येत्या सोमवारी येतो म्हणाला आहे.