मिल लॅक्सच्या काठी, सप्टेंबरात
मिनेसोटातील मिल लॅक्स सरोवर पाचशे चौरस किलोमीटरांहून विस्तीर्ण, पण जेमतेम 13 मीटर खोल. वारा सुटताच लाटा झपाट्याने उसळतात. अशा अनोळखी पाण्यावर वडिलांना वॉलाय मासेमारीसाठी न्यायचे, तर आधी वाऱ्याचा अंदाज पाहावा. या माशाच्या डोळ्यांतील परावर्तक पडद्यामुळे त्याला मंद प्रकाशातही भक्ष्य दिसते. पाणी निवू लागले की तो तिन्हीसांजेला उथळ खडकांकडे वळतो. मग पहाटेच्या गारठ्यात होडीचा हट्ट कशाला? सायंकाळचा धक्का पुरेसा आहे. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास गळ दुसऱ्याने सोडवावा. लाइफ जॅकेट धक्क्यावरही अंगात हवेच. गार पाण्यात पडताच श्वासावरचा ताबा सुटतो. परवाना पाहुण्यांनाही लागतो. परतताना अंधार असेल, विजेरी आठवणीने न्यावी.