कधी तापते?

आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या डिकीत पाण्याचा कॅन कायमच्या मुक्कामाला असे. पुण्याहून साताऱ्याला निघालो की खंबाटकीच्या चढावर काटा लाल पट्टीत जाई. बाबा गाडी कडेला घेत आणि आम्हा मुलांना लांब पिटाळत. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. आत दाब असतो म्हणून पाणी शंभर अंशांपुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की तेच पाणी वाफ होऊन अंगावर येतं. घाटात गाड्या तापायच्याच, असं तेव्हा सगळेच धरून चालत.

गॅरेजवाल्या चाचांनी मात्र बाबांना एकच विचारलं, "कधी तापते?"

"चढावर."

"सिग्नलला?"

"नाही."

"मग पंखा ठीक आहे. जाळी चोंदलीय." त्यांनी गरम जाळीवरून तळवा फिरवला आणि मधल्या एका पट्ट्यावर थांबले. तेवढा भाग गार होता. वरची टाकी डाग सोडवून काढली, चपट्या नळ्यांतून पोलादी पट्टी सारली, तशी खालून तांबूस पांढरी पूड पडू लागली. आमच्या बोअरिंगच्या पाण्याचे क्षार होते ते, वर्षानुवर्षांचे.

पुढे मी घेतलेली छोटी सेकंडहँड गाडी उलट वागायची: हायवेवर शांत, चौकात तापलेली. तिचं इंजिन आडवं, म्हणून पंखा पट्ट्यावर नव्हे, विजेवर. स्विच वगळून पंख्याला थेट करंट दिला, तो गरगर फिरला. स्विच बदलला, काम संपलं. आधीच्या कुणी मेकॅनिकने तिचा थर्मोस्टॅटही काढून टाकला होता. ८२ अंशांच्या आसपास उघडणारी ही झडप, आपल्या उन्हात कशाला हवी, म्हणून फेकायची जुनी खोड. मग इंजिन गारठलेलंच पळतं आणि पेट्रोल जास्त पितं. हा उपाय मला कधीच पटला नाही.

हल्ली शेजारपाजारचे मला विचारतात. परवा एकाची तक्रार होती, पाणी रोज थोडं कमी होतं, पण खाली थेंब नाही. सकाळी गार इंजिनावर झाकण उघडून गाडी चालू करायला लावली. पाणी तापण्याआधीच बुडबुडे, एकामागून एक. ऑइलची पट्टी ओढली तर वर दुधाळ साय. हेड गॅस्केट. खर्च ऐकून त्याचा चेहरा पडला. हेड उतरवणारच आहेस तर फेस करूनच, म्हणजे घासून सपाट करूनच बसव, म्हटलं, आणि तोवर गाडी चालवू नकोस.