खोडरबर बाजूला ठेवा

विश्रांतवाडीच्या चौकातून एक रस्ता आळंदीला जातो, एक विमानतळाकडे आणि एक धानोरीला. या तीन रस्त्यांवरच्या घरांमध्ये मी बावीस वर्षं गणित शिकवायला जाते आहे. ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदी रस्त्याने पुण्याकडे येते, त्या दिवशी तेवढी शिकवणीला सुट्टी.

नव्या घरी गेलं की पालक पाठ्यपुस्तक पुढे करतात. मी रफ वही मागते. फेअर वहीत फळ्यावरचं उतरवलेलं असतं, मुलाचं स्वतःचं डोकं रफ वहीत सापडतं.

कळसला आठवीतल्या एका मुलीची अशीच वही पाहिली. ५क्ष − २(क्ष − ३) = १८. तिने पुढे लिहिलं होतं, ५क्ष − २क्ष − ६ = १८ आणि उत्तर काढलं होतं ८. खरं उत्तर ४. घरचे म्हणाले, ‘निष्काळजीपणा, दुसरं काय!’ मी मागची पानं उलटत गेले, तर जिथे कंसाआधी वजा तिथे हीच चूक. इतक्या नेमाने होणारी चूक निष्काळजीपणाची नसते. तिच्या समजुतीप्रमाणे वजाचं काम कंसातल्या पहिल्याच पदापाशी संपत होतं.

मी नियम सांगितला नाही. विचारलं, ‘तुझ्याकडे वीस रुपये आहेत. दुकानदाराला दहाची नोट दिलीस, त्याने तीन परत दिले. उरले किती?’

‘तेरा.’

‘आता हेच कंस घालून लिही.’

तिने लिहिलं, २० − (१० − ३). मग आपल्या पद्धतीने कंस सोडवला, २० − १० − ३, म्हणजे सात. बराच वेळ ती त्या सातकडे बघत राहिली. मीही गप्प बसले. शेवटी ‘परत आलेले तीन मिळवायचे!’ असं म्हणून तिनेच वजाचं अधिक केलं. या सगळ्याला वीसेक मिनिटं लागली. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात, तास चाळीस मिनिटांचा असताना, एका मुलीसाठी शिक्षकाने ही वीस मिनिटं कुठून आणायची? शाळेतल्या शिक्षकांना मी कधी दोष देत नाही तो यामुळेच.

बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये मांडलं होतं, की एकट्याला शिकवणी मिळालेलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. पुढच्या अभ्यासांना फायदा दिसला, पण इतका मोठा नाही. माझाही अनुभव तसाच आहे. चमत्कार होत नाही, अडलेली गाडी मात्र सुटते.

आमच्या भागातली बरीच मराठी मुलं इंग्रजी शाळेत जातात. आजी ‘एकोणसाठ’ म्हणते आणि चौथीतला नातू ६९ लिहितो. साठ ऐकू आलं, म्हणून सहा आधी! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्या पद्धतीची बाजू शांतपणे मांडली होती. त्यांनी दाखवलेली अडचण मला रोज दिसते: पंचवीस बोलताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. तरीही जुने शब्द टाकावेत असं मला वाटत नाही. ‘एकोण’ म्हणजे एक उणा, हे समजावलं की मूल एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी धडाधड सांगतं. टिंगरेनगरमधल्या एका घरी आजोबांना पावकी, निमकी, अगदी औटकीसुद्धा पाठ होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मी त्यांनाही शेजारी बसवलं. नातवाचं अपूर्णांकांचं भय निम्मं त्यांनीच घालवलं.

दहावीच्या जानेवारीत फोन सुरू होतात. गणिताचे भाग १ आणि भाग २, दोन्ही पेपर चाळीस-चाळीस गुणांचे. दीड महिन्यात होईल का? मी जाते, सराव करून घेते. पण दहावीचं बीजगणित अडतं ते बहुतेकदा सहावीतल्या अपूर्णांकांपाशी, आणि तिथवर मागे जायला तेव्हा वेळ उरलेला नसतो. सहावीत बोलावलंत तर आठवड्याचे दोन तास पुरतात. मूल स्वतःची चूक स्वतः शोधू लागलं, की मी शिकवणी थांबवते. गृहपाठ उरकून देणारी शिकवणी मला मान्य नाही. तिने मूल लुळं होतं.

घरी शिकवणी लावणं प्रत्येकाला परवडत नाही, हे मला माहीत आहे. पण वही वाचायला पैसे पडत नाहीत आणि गणित यावंच लागतं असंही नाही. म्हणून एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत रद्दीवाल्याला वह्या देण्याआधी गणिताची रफ वही काढून ठेवा. मुलाशेजारी बसा आणि चुकलेल्या एकाच गणितावर बोट ठेवून विचारा, ‘इथे तू काय विचार केलास?’ उत्तर येईपर्यंत बोलू नका. आणि कंपासपेटीतलं खोडरबर महिनाभर तुमच्याकडे ठेवा. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ पुरते.